शेजारच्या सीटचा ब्रेक

तुमचा विश्वास बसो न बसो, हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि आधीच सांगून टाकते. यात काळोखी रात्र नाही, स्मशान नाही, पांढऱ्या कपड्यांतली बाई नाही. असल्या गोष्टींसाठी आला असाल तर हिरमोड होईल.

घडलं ते दिवसाढवळ्या, वादळानंतरच्या दुपारी. आमच्या घराच्या मागच्या खोलीत आणि दारात उभ्या असलेल्या गाडीत.

मी ड्रायव्हिंग शिकवते. रोज अनोळखी माणसाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि त्याच्या शेजारी निवांत बसायचं, हा माझा धंदा आहे. त्यामुळे मला भित्री म्हणण्याआधी जरा विचार करा.

ड्रायव्हिंग स्कूल माझ्या सासऱ्यांचं. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, त्यामुळे घरात आम्हीही मास्तरच म्हणायचो. गाडी चालवायला मलाही त्यांनीच शिकवलं. सून म्हणून नाही, विद्यार्थिनी म्हणून. म्हणजे जेवढं इतरांना छळलं तेवढंच मला.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. एका दांड्याने तो ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेला असतो. शिकणारा चुकला की शिकवणारा आपल्या बाजूने गाडी थांबवतो.

मास्तर कधी ओरडायचे नाहीत. फक्त पाय दाबायचे. गाडी अलगद थांबायची.

मग शांतपणे विचारायचे, "हं... का थांबलो आपण?"

उत्तर ते कधीच द्यायचे नाहीत. आपणच इकडेतिकडे बघायचं आणि शोधायचं. आरशात मागे सायकलवाला दिसायचा, किंवा पुढे गटाराचं झाकण उघडं असायचं. कारण नाही असं कधीच झालं नाही.

गेले तेही गाडीतच. सिग्नलच्या अलीकडे गाडी अलगद थांबली. शिकणारी मुलगी नवी होती. आपलं काय चुकलं ते शोधत, मास्तर विचारतील म्हणून ती वाट बघत बसली.

बराच वेळ बसली बिचारी.

ती गाडी म्हणजे आमची पहिली इलेक्ट्रिक गाडी. मास्तरांनी हौसेने घेतली होती आणि शेजारचा ब्रेक स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. ते गेल्यावर नवरा म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, गाडीचा काय दोष? तेव्हापासून मास्तरांच्या सीटवर मी बसते.

या गाडीची एक सोय अशी की तिच्यातून घरात वीज घेता येते. चार्जिंगच्या तोंडात एक जोड बसवला की सॉकेट मिळतं. त्यात वायर लावा, घरातली उपकरणं चालवा. आम्ही त्याची चेष्टाच करायचो. नवरा म्हणायचा, "आता भांडण झालं की मी मिक्सर घेऊन गाडीत राहायला जाणार."

मग ते वादळ आलं.

झाडं पडली, खांब वाकले, तारा रस्त्यावर लोळल्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला दुसऱ्या गावी गेला होता, तो तिकडेच अडकला. घरात मी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

आईंची फुप्फुसं निकामी होत आली आहेत. त्यांच्या पलंगाशी एक मशीन असतं. ते हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून नाकाला देतं. त्याचा आवाज आमच्या घराचा आवाज झालाय.

फुस्स... टक. फुस्स... टक.

हे मशीन विजेवर चालतं. बंद पडलं की आईंचे ओठ निळे पडायला वेळ लागत नाही. अडीअडचणीला एक लहान सिलिंडर असतो, पण त्याचा काटा तेव्हा लाल रेषेला टेकलेला होता आणि नवा आणून देणारा माणूस पडलेल्या झाडांच्या पलीकडे होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "रस्ता मोकळा होईपर्यंत काहीही करा, मशीन थांबू देऊ नका."

मी गाडी दाराशी लावली. कपाटातून वायरचं रीळ काढलं. हवी तेवढी वायर सोडली, बाकीची तशीच नीट गुंडाळलेली ठेवली आणि रीळ पलंगाखाली चादरींच्या गठ्ठ्याशी सरकवलं. पसारा नको, कुणाच्या पायात यायला नको. ही शिस्तही मास्तरांचीच.

मशीन सुरू झालं, वर फ्रिजही चालला. मी स्वतःवरच खूश झाले.

"तुमच्या नवऱ्याची गाडी बघा कशी कामाला आली," मी आईंना म्हटलं.

"ते काम सोडून बसतात कधी?" आई म्हणाल्या.

बसतात म्हणाल्या. बसायचे, असं नाही. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

वादळानंतरची ती तिसरी दुपार. आभाळ भरलेलं, पण वारा पडलेला. कुठे पंखा नाही, टीव्ही नाही, पाण्याचा पंप नाही. रोजचे सगळे आवाज गळून पडले की गल्ली किती परकी वाटते ते मला तेव्हा कळलं. ऐकू यायचं ते एवढंच...

फुस्स... टक.

शेजारच्या वहिनी आल्या. कडेवर तान्हं बाळ, हातात विजेची किटली. ओशाळून म्हणाल्या, "ताई, घरातला गॅसही संपलाय हो. याच्या बाटल्या उकळायच्या होत्या. जरा लावू का?"

बाळाच्या बाटल्यांना नाही कोण म्हणणार? मी पलंगाखालच्या रिळातच किटली लावून दिली.

पाणी उकळलं. वहिनींनी दुसऱ्यांदा भरलं.

आणि...

मशीन थांबलं.

पाठोपाठ त्याचा भोंगा. पीं-पीं, पीं-पीं. मी आईंच्या नळीला सिलिंडर जोडला, वहिनींना तिथेच बसवलं आणि बाहेर पळाले.

गाडी कुलूपबंद. किल्ली माझ्या खिशात. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली. आणि पुढच्या स्क्रीनवर अक्षरं...

ब्रेक दाबला आहे. वीजपुरवठा थांबवला आहे.

या गाडीची ही खोडच आहे. वीज देत असताना कुणी ब्रेक दाबला तर तिला वाटतं, ड्रायव्हर आला, निघायचंय. ती बाहेरची वीज तोडते. मग आत बसून स्क्रीनवरून पुन्हा चालू करावी लागते.

पण आत कुणीच नव्हतं.

वादळात पाणी शिरलं असेल, सेन्सर बिघडला असेल, अशी मनाची समजूत घातली. वीज चालू केली, गाडीला कुलूप लावलं आणि आत आले. फुस्स... टक. वहिनींनी किटली पुन्हा लावली.

मी खिडकीशी उभी राहिले. तिथून गाडीची मागची बाजू आणि कुंपणाची भिंत दिसते.

भिंत लाल झाली.

गाडीचे ब्रेकचे दिवे लागले होते... आणि मागे पीं-पीं सुरू झालं.

या वेळी मी गाडीला हात लावण्याआधी काचेतून आत डोकावले. ड्रायव्हरची सीट रिकामी होती, शेजारचीही रिकामी होती. पण शेजारच्या सीटपुढचा ब्रेक...

तो पार खाली गेलेला होता.

मी बघत असतानाच तो सावकाश वर आला. कुणीतरी पाय उचलावा तसा.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हताच.

वीज चालू करून आत गेले. वहिनींचा चेहरा उतरला होता. आई मात्र शांत होत्या. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ते थांबवतायत."

"कोण?"

"असं काय विचारतेस? ते."

खरं सांगते, त्या क्षणी भीतीपेक्षा मला संताप आला. ज्या माणसाला मी वडिलांच्या जागी मानलं, तो स्वतःच्याच बायकोचा श्वास तोडत होता. एकट्याला करमत नसेल म्हणून न्यायला आला असेल. पण मागायची ही पद्धत?

"वहिनी, इथून हलू नका," म्हटलं आणि मी गाडीत जाऊन बसले. शेजारच्या सीटवर. माझ्या रोजच्या जागेवर.

सीट मागे सरकलेली होती. मी बुटकी आहे, माझी सीट पुढे असते. मास्तर उंच होते.

मी बुटाचं टोक ब्रेकच्या खाली घातलं आणि तो वर धरून ठेवला. म्हटलं, "आता दाबून दाखवा."

काही झालं नाही.

मग... वजन आलं.

हळूहळू, न घाई करता. माझ्या पायावर दुसऱ्या कुणाचा तरी पाय ठेवल्यासारखं. बुटाच्या आत बोटं चेपत गेली. मी दोन्ही हातांनी सीट धरली आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. मेल्यावरसुद्धा छळता का म्हणाले, आई माझी आहे म्हणाले, देणार नाही म्हणाले. घरंदाज सुनेने सासऱ्याला असं कधी बोलू नये. मी बोलले.

वजन कमी झालं नाही आणि वाढलंही नाही. तो दाब माझ्या ओळखीचा होता. त्यात राग नव्हता. वर्षानुवर्षं त्याच दाबाने माझी गाडी थांबत आली होती.

का थांबलो आपण?

आवाज आला असं मी म्हणणार नाही, आला नाही. पण तो ब्रेक आणि तो प्रश्न माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटलेले आहेत. ब्रेक लागला की आपण कारण शोधायला लागतो. सवयच ती.

मी पाय काढून घेतला आणि घराकडे पळाले.

खोलीच्या दारातच वास आला. रबर जळल्याचा. वहिनी म्हणाल्या, "मघापासून येतोय, मला वाटलं मशीनचाच असेल."

मी पलंगाखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. रीळ तापून निखारा झालं होतं. गुंडाळलेल्या वायरची वेटोळी विरघळून एकमेकांत बसली होती. शेजारची चादर तपकिरी झाली होती, कडेला काळी पडत होती. आणि त्याच्या वर, वीतभर अंतरावर, ऑक्सिजनच्या नळीला जोडलेल्या आई.

तिथे ठिणगी पडली असती तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा. मी अजून पूर्ण विचार करू शकत नाही.

गुंडाळलेल्या रिळावर एवढा भार टाकू नये, हे मला नंतर इलेक्ट्रिशियनने ऐकवलं. वायर पूर्ण सोडावी लागते, नाहीतर उष्णता आतच कोंडते. माझ्या व्यवस्थितपणाने सगळ्यांचा जीव घेतला असता.

आईंच्या नळीला सिलिंडर जोडला आणि रीळ ओढून अंगणात फेकलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसातून दुसरी, जाड वायर आणली. ती गाडीपासून मशीनपर्यंत सरळ जमिनीवर पसरली आणि वीज पुन्हा चालू केली. किटली बंद, फ्रिजही बंद. बाटल्यांच्या पाण्यासाठी गल्लीतल्या बेकरीवाल्याने भट्टी पेटवून दिली, तिकडे वहिनी गेल्या.

फुस्स... टक. फुस्स... टक.

मी गाडीपाशी गेले. काचेला कपाळ टेकवून रडले. "चुकले मास्तर," म्हटलं. "कळलं मला. का थांबलो ते कळलं."

आत सगळं शांत होतं. ब्रेक वरच होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत हसत सांगितली असती. माझा नवरा सांगतोच. रस्ता मोकळा झाल्यावर घरी आला, ते विरघळलेलं रीळ हातात घेऊन ढसाढसा रडला. आता येईल त्या पाहुण्याला ऐकवतो, "बाबांनी वाचवलं आईला. ब्रेक मारून वाचवलं."

ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी चहा टाकायला आत जाते.

कारण त्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी...

भिंत पुन्हा लाल झाली.

पीं-पीं.

मी सिलिंडर जोडला. काटा लाल रेषेच्याही खाली गेला होता. मग वायरवर हात फिरवत निघाले. मशीनच्या पिनेपासून दारापर्यंत, दारापासून गाडीपर्यंत. कुठेही गरम नाही. थंडगार. जोड थंड होता, सॉकेट थंड होतं. जळका वास नाही. बॅटरी पुरेशी होती. मशीन उघडून गाळणी बघितली, स्वच्छ होती. छत बघितलं, भिंती बघितल्या, अंगणातलं रीळही बघितलं. ते केव्हाच निवलं होतं.

मी गाडीशी उभी राहून मोठ्याने विचारलं, "का थांबलो?"

ब्रेक खालीच होता.

"मास्तर, सांगा ना. मला काही दिसत नाहीये."

त्यांनी कधी उत्तर दिलंय?

मी आईंच्या खोलीत परत आले. आणि दारातच थांबले.

आई उठून बसल्या होत्या. आधाराशिवाय. कित्येक महिन्यांत त्या अशा बसल्या नव्हत्या. केस विंचरलेले होते. अंगावरची शाल घडी करून उशाशी ठेवली होती. आणि नाकाची नळी... ती काढून, नीट गुंडाळून, शालीवर ठेवली होती.

ओठांचा रंग बदलत होता. पण चेहरा असा होता, की कुणीतरी बाहेर हॉर्न वाजवलाय आणि आता चपला तेवढ्या घालायच्या आहेत.

"आई!"

"अगं, किती वेळ ताटकळत ठेवायचं त्यांना?" त्या म्हणाल्या.

मी नळी पुन्हा लावली. त्यांनी विरोध केला नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

मग मी अवजारांची पेटी घेतली, शेजारच्या सीटच्या पायाशी वाकले आणि पान्याने दांड्याचे नट सोडवले. पान्याखाली दांडा ताणलेला लागत होता, पण कुणी मला अडवलं नाही. शेवटचा नट निघाला, दांडा खाली पडला, ब्रेकचे दिवे विझले. शेजारचा ब्रेक आता कशालाच जोडलेला नव्हता. मी स्क्रीनवरून वीज चालू केली.

आतून आवाज आला. फुस्स... टक.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी गाडीचं दार लावून वळले. सहज मागे बघितलं.

तो सुटलेला ब्रेक खाली गेला.

वर आला.

पुन्हा खाली गेला... तितक्याच सावकाश.

गाडीला आता त्याचं काही नव्हतं. वीज तुटत नव्हती, दिवे लागत नव्हते. तरी तो दाबला जात होता. अंधार पडेपर्यंत मी गाडीच्या काचेतून बघत होते. मग आत जाऊन खिडकीचा पडदा ओढला.

सकाळी लाइनमन आले, तारा जोडल्या, लाइट आली. गल्लीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई झोपल्या होत्या, ओठ गुलाबी होते. मी जिंकले होते.

आता घरात मशीनसाठी वेगळा इन्व्हर्टर आहे आणि मोठे सिलिंडर भरलेले असतात. शेजारचा ब्रेक परत बसवून घ्यावा लागला, त्याशिवाय शिकवता येत नाही. गाडी चालते, शिकणारे शिकतात, पोट भरतं. तसं काहीच झालेलं नाही.

पण आईंचं बोलणं कमी झालंय. वागतात चांगल्या. औषध दिलं की घेतात, जेवण दिलं की जेवतात. एखाद्याची शेवटची गाडी चुकावी आणि त्याला ओळखीच्या घरी मुक्काम करावा लागावा, तशा राहतात.

मागच्या आठवड्यात नवऱ्याने पुन्हा कुणाला तरी ती गोष्ट ऐकवली. पाहुणे गेल्यावर मी आईंचे पाय चेपत बसले होते. राहवलं नाही. विचारलं.

"आई, मास्तर त्या दिवशी कशाला आले होते?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुला काय वाटतं?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "तुम्हाला वाचवायला."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहान मुलीच्या फिरवतात तसा.

"मग तसंच समज," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मी उठले नाही. तिथेच, त्यांच्या पायाशी बसून मशीन ऐकत राहिले.